रेंज टेलपासून मोजा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून परदेशी जाणारा माणूस आता विरळा राहिलेला नाही. बोरीच्या द्राक्षांचा कंटेनर रॉटरडॅमला जातो, त्यामागोमाग कधी निर्यातदार जातो, कधी बागायतदार स्वतः बाजार पाहायला जातो. बारामतीच्या एमआयडीसीतले अभियंते प्रशिक्षणाला जातात. राज्य सरकारच्या योजनेतून शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे निघतात. कुणी हज-उमराहला जाते, कुणाची मुले जर्मनीत शिकतात आणि कुणाची आई लेकीच्या बाळंतपणासाठी थेट न्यू जर्सी गाठते. पासपोर्ट, व्हिसा, विमा अशी तयारी करताना एक गोष्ट शेवटच्या दिवशी, घाईत उरकली जाते : मोबाईलचा इंटरनॅशनल रोमिंग पॅक. दुकानदार विचारतो, "कुठल्या देशात जाताय?" यादीत नाव असते, पैसे भरले जातात आणि घरचे निश्चिंत होतात.

ही निश्चिंती ज्या आकड्यावर उभी असते, तो आकडा काय मोजतो, हे विचारण्याची वेळ आली आहे. एअरटेलने डिसेंबर २०२२ मध्ये 'वर्ल्ड पास' नावाचे पॅक आणले, तेव्हा ते १८४ देशांत चालतील असे सांगितले होते. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३ आहेत. म्हणजे हा आकडा ऐकणाऱ्याला जवळजवळ सगळे जग खिशात आल्यासारखे वाटणार. हा आकडा खोटा आहे, असे मी म्हणत नाही. इतर कंपन्याही असेच आकडे सांगतात, आणि ज्या अर्थाने ते सांगितले जातात त्या अर्थाने ते बहुधा खरेच असतात. अडचण त्या अर्थातच आहे. कंपनी मोजते ती करार झालेल्या देशांची संख्या. ग्राहक विकत घेतो तो मात्र भरवसा : मी तिथे उभा असेन तेव्हा माझा फोन लागेल. पहिल्या गोष्टीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. पण विक्री होते ती दुसरीची आणि पुरावा दिला जातो पहिलीचा. दाव्यातली अतिशयोक्ती मला इथे दिसते.

रोमिंग म्हणजे काय, हे नीट पाहिले तर हे अंतर किती मोठे आहे ते कळते. आपली कंपनी परदेशात टॉवर उभारत नाही. ती तिथल्या एखाद्या कंपनीशी करार करते. असा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९९२ मध्ये फिनलंडची टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात झाला. तेव्हापासून पद्धत तीच आहे. प्रत्येक सिमकार्डात एक ओळखक्रमांक असतो आणि भारतीय सिमचा क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. फ्रँकफर्टच्या विमानतळावर फोन चालू केला की तिथले नेटवर्क हा क्रमांक वाचते आणि भारतातल्या कंपनीला विचारते : हा माणूस तुमचा आहे का, याला सेवा द्यायची का, याने कुठला पॅक घेतला आहे? प्रीपेड असेल तर शिल्लक किती, हेही लगोलग तपासावे लागते. होकार आला तरच फोनवर नेटवर्क येते. पुढे इंटरनेट वापरले तर ती माहिती बहुतेक वेळा भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेतून फिरून येते, त्यामुळे शेजारच्या स्थानिक माणसाचा फोन झपाट्याने चालत असताना आपला रेंगाळू शकतो.

म्हणजे एक फोन लागण्यासाठी कितीतरी गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. त्या देशातल्या कंपनीशी करार हवा. त्या भागीदार कंपनीची रेंज आपण उभे आहोत त्याच जागी हवी. एका देशात चार कंपन्या असतील आणि करार एकीशीच असेल, तर बाकी तिघींचे टॉवर डोक्यावर असूनही उपयोग नाही. करार दोघी-तिघींशी असला, तरी ज्या भागीदाराचा घाऊक दर परवडतो त्याच्याकडे ग्राहकाचा फोन वळवण्याची व्यवस्था कंपन्यांकडे असते; तिथे सर्वांत चांगली रेंज त्याचीच असेल असे नाही. आपल्या हँडसेटमध्ये तिथल्या लहरींचे बँड हवेत. करारात फक्त इंटरनेट आहे, की ४जी वरून बोलण्याची, म्हणजे व्होएलटीईची सोयही आहे, हे वेगळेच. '१८४ देश' हा आकडा यातल्या फक्त पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो. बाकीच्या सगळ्या ग्राहकाच्या नशिबावर सोडलेल्या असतात.

यातल्या व्होएलटीईने अलीकडे सर्वांत जास्त घोळ घातला आहे. अमेरिकेत एटी अँड टी, टी-मोबाईल आणि व्हेरायझन या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ या एकाच वर्षात आपली ३जी सेवा बंद केली. ऑस्ट्रेलियात टेलस्ट्रा आणि ऑप्टसने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती बंद केली. पूर्वी ४जी वर बोलता आले नाही, तर फोन आपोआप ३जी वर उतरायचा आणि बोलणे व्हायचे. आता उतरायला ती पायरीच उरलेली नाही. त्यामुळे हँडसेट जुना असेल, किंवा व्होएलटीई रोमिंगचा वेगळा करार नसेल, तर फोनवर नेटवर्कच्या काड्या दिसतात, इंटरनेटही चालते, पण साधा फोन लागत नाही. कंपनीच्या यादीत अमेरिका आधीही होती, आजही आहे. फरक पडला तो त्या नावाखाली मिळणाऱ्या सेवेत.

आता त्या न्यू जर्सीला गेलेल्या आईचा विचार करा. तिच्यासाठी रोमिंग ही चैन नाही. तिचे पेन्शन बारामतीच्या बँकेत जमा होते, घरचे वीजबिल ती फोनवरून भरते, आणि या व्यवहारांचा ओटीपी तिच्या भारतीय नंबरवरच येतो. परदेशी नंबरवरून यूपीआय वापरण्याला जानेवारी २०२३ मध्ये परवानगी मिळाली, पण ती अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांसाठी आणि सुरुवातीला १० देशांपुरती होती. सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईचे खाते साधे बचत खाते असते. तिचा भारतीय नंबर बंद पडला की तिचा स्वतःच्या पैशावरचा ताबा सुटतो. एका वयस्कर माणसाचे असे परावलंबी होणे ही किरकोळ गैरसोय नव्हे. म्हणून रोमिंगच्या दाव्याकडे मी पर्यटकाच्या हौसेचा मामला म्हणून पाहू शकत नाही.

कागदावरचा विस्तार आणि हातात पडणारी सेवा यांतला फरक आपल्या दोन तालुक्यांना कुणी समजावून सांगायला नको. नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती करत इंदापूरकडे जातो. नकाशात रंगवलेले लाभक्षेत्र सगळीकडे सारखेच दिसते. प्रत्यक्षात मुखाकडच्या शेतकऱ्याचा ऊस भिजतो आणि टेलचा शेतकरी आवर्तन संपेपर्यंत वाट पाहत राहतो. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याच्या भाषेत म्हणूनच दोन वेगळे आकडे आहेत : निर्मित सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र. या दोहोंत किती अंतर पडू शकते, यावरून राज्याचे राजकारण ढवळून निघाले. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दहा वर्षांत सिंचन जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचा अर्थ निघाला. त्यावर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका आली, मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या वादाच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता : पाणी मोजायचे कुठे, धरणात की शेतात? शेतकऱ्यांनी त्याचे उत्तर फार आधी दिले होते. पाणी 'टेल टू हेड' द्या, म्हणजे शेवटच्या माणसाला आधी. टेलला पोहोचले, तर वाटेतल्या सगळ्यांना पोहोचलेच.

मोबाईलच्या दाव्यांना हीच कसोटी लावायला हवी. आज कंपनी रेंज मुखापासून मोजते : करार झाला, राजधानीत नेटवर्क आले, देश मोजला गेला. आपला माणूस मात्र टेलला असतो. शेतीच्या अभ्यासदौऱ्यातला शेतकरी राजधानीच्या चौकात द्राक्षबाग शोधत नाही. तो गावाकडच्या भागात फिरतो. विद्यार्थी अनेकदा मोठ्या शहराबाहेरच्या विद्यापीठाच्या गावात राहतो. दाव्याची परीक्षा तिथे झाली पाहिजे.

हा संशय उगाच घेतलेला नाही. दूरसंचार कंपन्या आपल्याच देशात, आपल्याच टॉवरांबद्दलही रेंज फुगवून सांगतात, याचे पुरावे सरकारी यंत्रणांनी गोळा केले आहेत. अमेरिकेच्या एफसीसी या नियामकाने ग्रामीण भागात ४जी पोहोचवण्यासाठी ४५३ कोटी डॉलरची योजना आखली होती. पैसे कुठे लागतील हे ठरवण्यासाठी कंपन्यांकडून रेंजचे नकाशे मागवले. शंका आली म्हणून एफसीसीच्या कर्मचाऱ्यांनी १२ राज्यांत गाडीने फिरून चाचण्या घेतल्या. डिसेंबर २०१९ चा त्यांचा अहवाल सांगतो की व्हेरायझन, टी-मोबाईल आणि यूएस सेल्युलर या तीन कंपन्यांच्या नकाशात सांगितलेला किमान वेग फक्त ६२.३ टक्के चाचण्यांत मिळाला. नकाशावर रेंज दिसली म्हणून ज्या गावाला मदत मिळणार नव्हती, त्या गावात प्रत्यक्षात रेंज नसेल, तर त्या गावाचे दुहेरी नुकसान होते : सेवाही नाही आणि सेवेसाठीचा पैसाही नाही. ती योजना शेवटी गुंडाळावी लागली.

ऑस्ट्रेलियातले प्रकरण आणखी बोलके आहे. मे २०२५ मध्ये व्होडाफोनने टेलस्ट्रावर आरोप केला की तिने आपली रेंज सुमारे १० लाख चौरस किलोमीटरने फुगवून सांगितली. टेलस्ट्रा ३० लाख चौरस किलोमीटरचा दावा करत होती, पण त्यातला मोठा भाग फोनला बाहेरून अँटेना जोडली तरच मिळणारा होता. टेलस्ट्राचे म्हणणे असे की आम्ही हे लपवलेले नाही. असेल तसे. पण खिशातला फोन घेऊन चालणाऱ्या माणसाला ३० लाख हा आकडा सांगितला आणि अँटेनाची अट आडबाजूला ठेवली, तर त्याने काय समजावे? भारतातही २०१५ मध्ये जाहिरात मानक परिषद अर्थात एएससीआयने एअरटेलची ४जी वेगाची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवून ती बदलायला किंवा मागे घ्यायला सांगितले होते. स्वतःच्या टॉवरांबद्दल ही स्थिती असेल, तर दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरांबद्दल केलेला दावा आपण डोळे मिटून का मानावा?

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे आणि ती प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, रेडिओलहरी भिंत, डोंगर, गर्दी, हवामान यांनी अडतात. कुठलीही कंपनी प्रत्येक जागेची हमी देऊ शकत नाही. हे खरे आहे. पालखीच्या दिवशी बेलवडीच्या रिंगणाला लाखो लोक जमतात, तेव्हा टॉवर जवळ असला, फोनवर काड्या पूर्ण दिसल्या तरी फोन लागणे मुश्कील होते, कारण रेंज असणे आणि इतक्या लोकांना पुरेल एवढी क्षमता असणे या दोन गोष्टी आहेत. मग जी गोष्ट इतकी अनिश्चित आहे, ती जाहिरातीत एका ठाशीव आकड्यात कशी सांगता येते? अनिश्चितता खरी असेल, तर ती विकताना सांगा. तक्रार आल्यावर सांगू नका.

दुसरे म्हणणे असे की परदेशी नेटवर्क आमच्या हातात नाही. पण करार त्यांच्याच हातात असतो. भागीदार कोण, तो कुठे पोहोचतो, व्होएलटीई आहे की नाही, हे सगळे कंपनीला करार करतानाच ठाऊक असते. सेवा सुरू करण्याआधी दोन्ही कंपन्या एकमेकींच्या नेटवर्कवर चाचण्या घेतात, हा या उद्योगाचा रिवाज आहे. म्हणजे माहिती असते, ती ग्राहकापर्यंत येत नाही एवढेच.

तिसरे म्हणणे सर्वांत जास्त ऐकू येते : अटी आणि शर्ती वाचायला हव्या होत्या. इथे आपला कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनुसार तळटीप महत्त्वाची माहिती दडवू शकत नाही आणि मूळ दाव्यातली दिशाभूल तळटिपेने धुऊन निघत नाही. एवढेच नव्हे, तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरशैलीत हवी. मोठ्या मराठी फलकाखाली बारीक इंग्रजीत लिहिलेली अट या नियमात बसत नाही. तपासून पाहता येईल असा दावा सिद्ध करता आला पाहिजे, ही जबाबदारीही जाहिरात करणाऱ्यावर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभुलीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो. नियम आहेत. रोमिंगच्या दाव्यांना ते नेमके लावले जात नाहीत, ही उणीव आहे.

आपल्याकडच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, काही पावले उचलली आहेत, ती मान्य केली पाहिजेत. २०२० च्या दुरुस्तीने परदेशात प्रचंड बिल येऊन हादरा बसू नये म्हणून बंधने घातली. पॅकमधला डेटा ५०, ८० आणि १०० टक्के संपला की सूचना द्यायला लावली. २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनी कंपन्यांना २जी, ३जी, ४जी, ५जी असे वेगवेगळे रेंजचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर टाकायला सांगितले. हे चांगले झाले. उजनीच्या पाणफुगवट्याकाठच्या गावातल्या माणसाला आता नकाशा उघडून कंपनीला विचारता येते, की माझ्या गावावर हा रंग दिला आहे तर घरात फोन का लागत नाही? पण हा अधिकार देशाच्या सीमेवर संपतो. परदेशात कंपनी काय देणार, याचा असा कुठलाही नकाशा मागण्याची सोय ग्राहकाला नाही. बिलाचा हादरा नियमाने रोखला. सेवा न मिळाल्याचा हादरा अजून मोकळाच आहे.

युरोपने याचा विचार आधी केला. २०१७ च्या जूनपासून युरोपीय संघात रोमिंगचे वेगळे शुल्क बंद झाले. २०२२ चा नवा कायदा त्यापुढे गेला : घरी जशी सेवा मिळते तशीच, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे, परदेशातही मिळाली पाहिजे आणि रोमिंगमध्ये कशी सेवा मिळेल हे करारातच स्पष्ट लिहिले पाहिजे. हा कायदा २०३२ पर्यंत लागू आहे. तिथे विचारले जाते ते देश किती हे नव्हे, सेवा कशी हे. आपल्याला तेवढाच बदल हवा आहे.

तो कसा करायचा? कंपनीने प्रत्येक देशापुढे भागीदाराचे नाव, तिथे मिळणारे तंत्रज्ञान, व्होएलटीई आहे की नाही आणि शेवटची चाचणी कधी झाली, एवढे मराठीत लिहावे. 'इतके देश' हा आकडा वापरायचाच असेल तर जिथे बोलणे, एसएमएस आणि इंटरनेट तिन्ही चालतात तेच देश त्यात मोजावेत. बाकीचे वेगळे दाखवावेत. पॅक घेऊनही ज्या दिवशी फोन तिथल्या नेटवर्कवर नोंदलाच गेला नाही, त्या दिवसाचे पैसे ग्राहकाने न मागता परत यावेत. फोन नोंदला गेला की नाही, हे कंपनीच्या संगणकाला ग्राहकापेक्षा आधी कळते, त्यामुळे यात पुराव्याची अडचण नाही. हा शेवटचा नियम एकटा लागू झाला तरी आकडे आपोआप खाली येतील, कारण फुगवलेला प्रत्येक देश मग कंपनीला पैशात मोजावा लागेल.

ग्राहकानेही हातावर हात ठेवून बसू नये. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत पुण्यात उभी केली. ही चळवळ आपल्या जिल्ह्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले की दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते. त्याआधीच्या २००९ च्या निकालामुळे ती वाट बंद झाल्यासारखी होती. म्हणजे कंपनीचे तक्रार केंद्र, मग अपिलीय प्राधिकारी आणि त्याबरोबरच ग्राहक आयोग, अशा वाटा उघड्या आहेत. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. परदेशातून आलेल्या प्रत्येकाने फोन कुठे लागला, कुठे लागला नाही, हे तारखेसह लिहून ग्राहक पंचायतीकडे दिले, तर थोड्या वर्षांत कुठल्याही कंपनीच्या यादीपेक्षा विश्वासार्ह यादी आपल्याच तालुक्यात तयार होईल. बारामतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी ती संगणकावर मांडावी. त्यांच्यापैकी अनेकांना उद्या हाच प्रवास करायचा आहे.

परदेशात माणूस एकटा असतो. तिथले दुकान, तिथली भाषा, तिथला पोलीस यांतले काहीच त्याच्या ओळखीचे नसते. अडचणीत त्याच्या हातात एकच ओळखीची गोष्ट उरते, ती म्हणजे फोन. अशा माणसाला दिलेले वचन पाळले गेले की नाही, हे देणाऱ्याने तपासावे आणि सिद्ध करावे. घेणाऱ्यावर ते ओझे टाकू नये. ज्या देशात आपला माणूस फोन लावू शकत नाही, तो देश कंपनीने आपल्या आकड्यात मोजू नये.